तराजूऐवजी झोळी?

ताई,

मी शिकागोच्या वायव्य उपनगरात राहते. बावीस वर्षं वकिली करते. पहिली आठ पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलांच्या, ऑफिसात, नंतर स्वतःचं छोटं ऑफिस. कामं मुख्यतः घटस्फोटाची, पोटगीची, मुलांच्या ताब्याची. आमच्या सबसर्किटमधली, म्हणजे जजांच्या निवडणुकीसाठी काउंटीत पाडलेल्या छोट्या मतदारसंघातली, जजची एक जागा रिकामी होते आहे आणि मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पहिल्या फेरीत, ती निवडणुकीला येईल. बरोबरचे वकील म्हणतात, उभी राहा. नवरा म्हणतो, चालतं ऑफिस बंद करून हा उद्योग कशाला? प्रचाराचा सल्ला देणाऱ्या एका माणसाला भेटले, तर तो म्हणाला, तुमचं नाव मतदाराच्या जिभेवर बसणार नाही; 'वैशाली'चं 'वॅल' करा आणि आडनावही काहीतरी सुटसुटीत बघा. मंडळातले मित्र म्हणतात, गणपतीत स्टेजवरून घोषणा करू, पैसे उभे करू. आणि बाबा! ते सांगलीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. फोनवर म्हणाले, "न्यायाधीशानं मतं मागत दारोदार फिरायचं? मग न्यायदेवतेच्या हातात तराजू कशाला, झोळीच द्या." वर हेही म्हणाले की उभी राहणारच असशील तर पाच लाख पाठवतो. कोर्टात वकील नसलेला माणूस कागद उलटसुलट करत उभा असतो आणि जजसाहेब मान वर न करता पुढची तारीख देतात, ते बघून आलं की मला रात्री जेवण जात नाही, हेही खरं. काय करू?

— वकीलबाई, कुक काउंटी (नाव बदललं आहे)

वकीलबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मूळ पत्रात नाव, पैसा, मंडळ, नवरा, बाबा या सगळ्यांना पानंच्या पानं मिळाली होती, छापताना मी कात्री लावली. जज होऊन करायचं काय, याला मात्र एकच वाक्य, तेही शेवटी आणि 'हेही खरं' असं शेपूट लावून. मला विचाराल तर तुमची उमेदवारी त्या एका वाक्यात आहे. बाकीचं सगळं निस्तरता येतं.

आधी बाबांचं घेते, कारण त्यांचं म्हणणं तुम्हाला लागलंय. त्यांनी जन्म घालवला त्या कोर्टात कुणी मतं मागून खुर्चीत बसलं नाही. खालच्या कोर्टाचे साहेब परीक्षा देऊन आले, काही सात वर्षांपेक्षा जास्त वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीश झाले. हायकोर्टाचं तर वरच्या वर ठरतं. साहेबांच्या बंगल्यावर दिवाळीचा फराळ गेला तर डबा तसाच परत यायचा, हे त्यांनी पाहिलेलं असणार. अशा माणसाला 'मला मत द्या' असं छापलेल्या पत्रकावर मुलीचा फोटो दिसला तर धक्का बसणारच. त्यांना जुन्या वळणाचे म्हणून मोडीत काढू नका. अमेरिकेतही हाच वाद दीडशे वर्षांहून जास्त चालू आहे. फेडरल कोर्टाचे जज इथेही नेमलेलेच असतात. राज्यांमध्ये आधी नेमणुकाच होत्या. पण राज्यपाल आणि विधिमंडळातली मंडळी आपल्याच गोतावळ्यातली माणसं बसवायला लागली, तेव्हा लोक म्हणाले, मग आम्हीच निवडतो. 1832 मध्ये मिसिसिपीनं सगळे जज निवडणुकीनं घ्यायला सुरुवात केली. इलिनॉयनं 1848 च्या राज्यघटनेत तेच केलं. म्हणजे झोळी आली ती वशिल्याला कंटाळून.

झोळीनं वशिला गेला का? छे. 1980 च्या दशकात तुमच्याच कुक काउंटीत एफबीआयनं 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड' नावाची मोहीम चालवली आणि लाच घेणारे डझनाहून जास्त जज दोषी ठरले. (हे बाबांना लगेच सांगू नका. सांगायचंच असेल तर एवढं सांगा की पकडलेही गेले.)

तरी बाबांच्या टोमण्याला एक खरं उत्तर आहे. फ्लोरिडात हिल्सबरो काउंटीत जजपदाला उभ्या राहिलेल्या एका वकीलबाईंनी स्वतःच्या सहीनं पत्र पाठवून देणग्या मागितल्या. तिथे उमेदवारानं स्वतः पैसे मागायला बंदी आहे. त्यांच्यावर कारवाई झाली, खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 2015 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालानं बंदी टिकली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलं त्याचा आशय असा की जज मतपेटीतून आले तरी ते राजकारणी नव्हेत. इलिनॉयचा नियमही असाच कडक आहे: उमेदवारानं स्वतः पैसे मागायचे नाहीत आणि स्वतःच्या हातानं घ्यायचेही नाहीत, ते काम प्रचार समितीचं. गणपतीच्या आरतीनंतर कुणी प्रेमानं पाकीट हातात कोंबलं, तर ते घ्यायचं नाही. मत मागा, पण बदल्यात काही कबूल करू नका. 'बापांना मुलांचा ताबा मिळवून देईन', 'मकानमालकांची बाजू घेईन' असलं आश्वासन इथे चालत नाही. मतं मागणाऱ्यानं काहीही देऊ करायचं नाही, असा हा चमत्कारिक प्रचार आहे. म्हणजे झोळी आहे, पण तिला दोन्हीकडून शिवण घातलेली आहे. बाबांना ही उपमा पटते का बघा.

आता नाव. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मीसुद्धा जज आहे, बरं का. इलेक्शन जज! मतदान केंद्रावर टेबल मांडून बसणाऱ्यांना इलिनॉयमध्ये हेच म्हणतात, आणि भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की पाच मिनिटं माझा भाव वधारतो. पहाटे पाचला जायचं, यंत्रं लावायची, याद्या उघडायच्या. या खुर्चीतून मी वर्षानुवर्षं बघते आहे: माणूस येतो, वरच्या पदांवर टकाटक खुणा करतो, आणि जजांच्या ओळी सुरू झाल्या की पेन थांबतं. ओळीमागून ओळ, एकही नाव ओळखीचं नाही. काही जण तसाच कागद यंत्रात सारून निघून जातात. काही घरून चिठ्ठी आणतात. एकदा एक म्हाताऱ्या बाई टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "यातलं बरं कोण आहे गं?" आम्हाला सांगायची बंदी, मी मान हलवली. जाता जाता मला म्हणाल्या, "मग मी सगळ्या बायकांनाच दिलं."

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. कुक काउंटीत बाईचं नाव आणि आयरिश आडनाव असलं की जजच्या निवडणुकीत फायदा होतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. इतकं की काही वकिलांनी कोर्टात जाऊन रीतसर आयरिश नावं घेतली! शेवटी 2007 मध्ये कायदाच करावा लागला: गेल्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर 'पूर्वीचे नाव अमुक' असं छापलं जाईल. तेव्हा तुमच्या त्या सल्लागाराला विचारा, आडनाव सुटसुटीत केल्यावर जुनं नाव शेजारी छापून आलं तर तो काय करणार आहे? टोपणनाव लावता येतं, पण लोक त्या नावानं खरंच ओळखत असले तर. तुम्हाला आजवर कोर्टात कुणी 'वॅल' म्हटलंय का?

माझं मत स्पष्ट आहे. नाव पूर्ण ठेवा. बाईचं पहिलं नाव असल्याचा जो काही थोडा फायदा आहे, तो 'वैशाली'तही आहे. आणि उच्चाराची भीती वाटत असेल तर टेक्सासकडे बघा. केरळात कासरगोडकडे लहानपणी विड्या वळणारे सुरेंद्रन पट्टेल तिथल्या फोर्ट बेंड काउंटीत आधीपासून खुर्चीत असलेल्या जजला प्रायमरीत हरवून पुढे निवडून आले आणि जानेवारी 2023 मध्ये 240व्या डिस्ट्रिक्ट कोर्टात बसले. त्यांच्या उच्चारांवरूनही लोक बोललेच. आता फोर्ट बेंडमध्ये आशियाई मतदार भरपूर आहेत, तुमच्या सबसर्किटमध्ये तितके नसतील, तेव्हा तो नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण सबसर्किट ही कल्पनाच मुळी त्यासाठी निघाली. 1992 पर्यंत काउंटीभर किंवा शहरभर पसरलेल्या मतदारसंघातून निवडून यावं लागे आणि अल्पसंख्याकांची डाळ शिजत नसे. आधी पंधरा सबसर्किट झाली, आता वीस. लहान मैदान आहे, घरोघर फिरून नाव ओळखीचं करता येईल एवढं.

घरोघर फिरणं म्हणजे आधी सह्या. उमेदवार इथे पडतात, मतमोजणीत नव्हे. ऑगस्टपासून सह्या गोळा करायला लागतील. वकील आहात, कायदा वाचालच, तरी मी भोगलंय ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक सज्जन गृहस्थ एका छोट्या स्थानिक पदाला उभा होता. त्याच्यासाठी मी किराणा दुकानाबाहेर पुठ्ठ्याची पाटी आणि पेन घेऊन चार शनिवार उभी राहिले. विरोधकानं हरकत घेतली. आम्ही सगळे एका खोलीत बसलो आणि अधिकारी एकेक सही यादीशी ताडून बघत होते. एका बाईनं नवऱ्याचीही सही स्वतःच ठोकली होती: गेली. एकानं नव्या घराचा पत्ता लिहिला, मतदार यादीत जुना: गेली. काही जण आमच्या हद्दीबाहेरचे. संध्याकाळी आम्ही अकरा सह्यांनी कमी पडलो. एकही मत पडायच्या आत खेळ खलास. तो गृहस्थ आम्हाला कॉफी पाजून घरी गेला आणि परत कधी उभा राहिला नाही.

म्हणून लागतात त्याच्या निदान अडीचपट सह्या आणा. पानं क्रमांक घालून, वहीसारखी एकत्र बांधून द्यायची असतात. प्रत्येक पानावर सह्या गोळा करणाऱ्यानं नोटरीसमोर शपथेवर सही करायची. गोळा करणारा अमेरिकेचा नागरिकच हवा. मंडळातले एच-वन-बीवाले उत्साही तरुण पाट्या घेऊन निघाले तर त्यांना प्रेमानं थांबवा आणि पोहे करायला बसवा. अर्ज भरायच्या पहिल्या सकाळी दार उघडण्याआधी रांगेत असणाऱ्यांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी चिठ्ठ्या टाकतात. मतदाराचं पेन थांबतं त्या पानावर सगळ्यात वरचं नाव असणं म्हणजे काय, ते मी टेबलामागून पाहिलंय. तेव्हा त्या पहाटे तुमचा माणूस रांगेत हवाच.

मंडळाचं मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. पहिली गोष्ट, तुमचे निम्मे मित्र नेपरव्हिलला राहत असणार. नेपरव्हिल कुक काउंटीत नाही! ते आरतीला कितीही जोरात टाळ्या वाजवोत, तुम्हाला मत देऊ शकत नाहीत. दुसरी, मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याच्या स्टेजवरून 'आपल्या वैशालीताईंना निवडून द्या' असं म्हणता येत नाही. करमाफी धोक्यात येईल आणि पुढच्या वर्षी तुमच्या नावानं खडे फोडतील. तिसरी, पैसे. जे नागरिक नाहीत आणि ग्रीन कार्डवरही नाहीत, त्यांनी इथल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी गावच्यासुद्धा, एक डॉलर देणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे. बाबांचे पाच लाख याच खणात जातात. 'मुलीला भेट' म्हणून आले आणि तुम्ही ते प्रचारात घातले, तरी आडमार्गच तो. त्यांना 'नको' म्हणू नका, 'चालत नाही' म्हणा. कोर्टाच्या माणसाला तो शब्द कळतो. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, समितीच्या नावानं चेक, आणि समितीनंही प्रायमरीच्या एक वर्ष आधीपासूनच मागायचे. पाच हजार डॉलरच्या वर व्यवहार गेला की समितीची राज्याच्या निवडणूक मंडळाकडे नोंद. घर मात्र गहाण टाकू नका. नवरा त्याबद्दल काही बोलला नसेल तर तो भला माणूस आहे.

पक्षाबद्दलही थोडं. कुक काउंटीत बहुतेक ठिकाणी खरी लढत डेमोक्रॅटिक प्रायमरीतच होते, नोव्हेंबरमध्ये समोर कोणीच नसतं. पक्षाच्या यादीत नाव आलं तर घरोघरी पत्रकं आणि कार्यकर्ते मिळतात, पण यादीत आलेल्यांनी पक्षाच्या एकत्रित प्रचारासाठी हजारो डॉलर घालावेत अशी अपेक्षाही असते. जाऊन भेटा, विचारा, नाही मिळालं तर रडू नका. याहून महत्त्वाचं म्हणजे वकील संघटनांचं मूल्यमापन. शिकागो बार असोसिएशन आणि इतर संघटना, त्यात आशियाई वकिलांचीही आहे, कोर्टात तुमच्या विरुद्ध बाजूला उभ्या राहिलेल्या वकिलांना, ज्यांच्यापुढे तुम्ही बोललात त्या जजांना फोन करून विचारतात, बाई कशी आहे? कागद वेळेवर देते का, आवाज चढवते का, हरल्यावर कशी वागते. घरून चिठ्ठी आणणाऱ्या मतदारांच्या चिठ्ठीत बहुधा हेच शेरे असतात. जो उमेदवार कागदपत्रंच देत नाही त्याच्या नावापुढे शिकागो बार 'शिफारस नाही' असं लिहून मोकळं होतं. बावीस वर्षं कोर्टात काढूनही विरुद्ध बाजूचा वकील तुमच्याबद्दल बरं बोलणार असेल, तर तेच तुमचं भांडवल. सल्लागारावर घालवणार होतात ते पैसे वाचवा आणि ते फॉर्म मन लावून भरा.

नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर मी देऊ शकत नाही. जज झाल्यावर वकिली पूर्ण बंद. हरलात तर पक्षकार दुसरीकडे गेलेले असतील, जिंकलात तर स्वतःच्या हातानं ऑफिसला कुलूप. मंडळाच्या स्मरणिकेसाठी जाहिराती मागत फिरणंही थांबेल. जजनं पैसे मागितले की नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून नियमच तसे. मित्रांच्या घरच्या जेवणात कुणी 'माझ्या मेव्हण्याची केस' सुरू केली की तुम्हाला उठून पाणी प्यायला जावं लागेल. या एकटेपणाबद्दल बाबांना विचारा. त्यांनी तो दाराबाहेरून पाहिलाय. आणि निवडून आल्या आल्या मानाचं काहीतरी मिळेल असं धरून चालू नका. नव्या जजांची पहिली नेमणूक बहुधा ट्रॅफिक कोर्टात होते: शिकागोतल्या डेली सेंटर या कोर्टाच्या इमारतीत, नाहीतर रोलिंग मेडोजसारख्या उपनगरातल्या इमारतीत, दिवसभर वेगमर्यादा आणि लाल दिवे.

पण तुम्हीच सांगा, वकील नसलेला माणूस सगळ्यात जास्त कुठे उभा राहतो? ट्रॅफिक कोर्टातच की. टॅक्सीवाला, रात्रपाळीची नर्स, परवाना गेला तर नोकरी जाणारा. कागद उलटसुलट करणारे तेच. ट्रॅफिक कोर्ट मिळालं या विचारानं तुम्हाला हिरमुसल्यासारखं झालं, तर उभ्या राहू नका, आहे त्या ऑफिसात सुखानं राहा. 'चालेल, तिथून सुरू करू' असं मनात आलं असेल, तर उभ्या राहा.

आणखी एक दार आहे, त्याबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही. असोसिएट जज. त्यांना जनता निवडत नाही. निवडणुकीनं येणारे जज, म्हणजे सर्किट जज, आपसात गुप्त मतदान करून चार वर्षांसाठी घेतात. अर्ज, मुलाखत, पार्श्वभूमीची चौकशी. बाबांच्या पद्धतीला हे जवळचं. दोन्हीकडे प्रयत्न करायला हरकत नाही. निवडणुकीत हरलेल्या चांगल्या उमेदवाराचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. मात्र निवडणुकीनं आलात तर सहा वर्षांनी परत मतदारांपुढे जावं लागेल, समोर उमेदवार नसतो, फक्त 'ठेवायचं की नाही' एवढाच प्रश्न, आणि साठ टक्के 'हो' हवेत. ऐकायला भीतिदायक आहे, पण 1990 नंतर थेट 2018 मध्ये कुक काउंटीचा एक जज या परीक्षेत पडला. (हे चांगलं की वाईट, यावर माझं आणि माझ्या शेजारणीचं भांडण आहे.)

राहता राहिले बाबा. त्यांचे पैसे चालत नाहीत, पण बिनपगारी मदत करायला परदेशी माणसाला बंदी नाही, फक्त प्रचाराचे निर्णय त्यांनी घ्यायचे नाहीत. शिरस्तेदारानं उभा जन्म काय केलं? फायलींना पृष्ठांक घातले, कुठलं पान सुटलंय, कुठे सही राहिलीय, तारीख खोडून लिहिलीय का, ते बघितलं. तुमच्या सह्यांच्या पानांना नेमका हाच डोळा हवा आहे. ऑगस्टमध्ये रोज रात्री आठ वाजता त्या दिवशीच्या पानांचे फोटो त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. सांगलीत तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, चहा झालेला असतो, पेपर यायचा असतो. पहिल्या दिवशी ते काहीच लिहिणार नाहीत. दुसऱ्या दिवशी लिहितील, "पान सतरा दोनदा आलं आहे."